देवाचं पोतं

"बाई, तुमच्या पिठानं आमची माणसं आडवी झालीत," असं तो माणूस म्हणाला तेव्हा मी देवघरात होते, आणि मला बोलता येत नव्हतं.

माझं पार्थिव पूजेचं व्रत आहे. रोज सकाळी मातीचं लिंग घडवायचं, पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा आणि तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. घरच्यांना त्याची सवय होती. दूधवालासुद्धा मला पाहून आवाज खाली करायचा. हा माणूस नवखा होता. दार उघडं दिसलं तसा सरळ ओटीवर आला. हातात आमच्याच कारखान्याचं भगरीच्या पिठाचं पाकीट होतं, अर्धं संपलेलं, सुतळीनं तोंड बांधलेलं.

"मी दोधू खैरनार. निंबोळ्याला माझं किराणा दुकान आहे. काल एकादशीला भजनी मंडळाच्या बायांनी ह्या पिठाच्या भाकरी केल्या. दिवस मावळायच्या आत उलट्या, चक्कर. हातपाय थरथरतात, थांबत नाहीत. ट्रॅक्टरमध्ये घालून इथं सटाण्याला दवाखान्यात आणल्या. माझी आईपण त्यातच आहे. तुम्ही बोलत का नाही?"

मी हात जोडले आणि देवाकडे बोट दाखवलं.

"मौन आहे होय," तो म्हणाला. पाकीट पुढं केलं. "मग ऐका तरी."

तेवढ्यात माझे दीर, मुरलीभावजी, आतून आले. यजमान गेल्यापासून कारखाना तेच बघत होते. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"खैरनार, दुकानात हे ठेवता कुठं? रॉकेलच्या डब्याशेजारी?"

"देवाच्या फोटोखाली, शेट. पाकिटावर देवाचं नाव आहे म्हणून."

"मग जुनं असेल."

"मागच्या आठवड्यात तुमचाच टेम्पो टाकून गेला."

"हा शिक्का बघा. याच दळणाचं पीठ काल आमच्या घरात शिजलं. वहिनींनी देवाला दाखवलं आणि आम्ही सगळ्यांनी खाल्लं. आम्हाला काय झालं? तुम्हाला तक्रारच करायची असेल तर जिल्ह्याला ग्राहक मंच आहे. तिथं जा."

"मंचात जाऊन काय मागू? झालेल्याची भरपाई?" दोधूचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "परवा शिवरात्र आहे, शेट. तुमचं पीठ सगळ्या तालुक्यात गेलंय. मी भांडायला नाही आलो. दुकानदारांना सांगा, विकू नका म्हणून, एवढंच म्हणायला आलोय."

तो पाकीट ओटीवर ठेवून दवाखान्यात परत गेला. भावजी पुटपुटत आत गेले. मी पूजा करत राहिले, पण मन लागेना.

भावजी खोटं बोलत नव्हते. आमच्या कारखान्याची रीतच तशी होती. भगरीचा हा धंदा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी उभा केला. प्रत्येक दळणाचं पहिलं पीठ घरी यायचं, शिजायचं, देवाला दाखवलं जायचं, मग घरातले खायचे, आणि नंतरच माल गाडीत चढायचा. मामंजींनी मरणापूर्वी ते काम माझ्याकडे दिलं. आमच्या 'त्रिदल' पाकिटावर बेलाच्या पानाखाली छापलेलंच होतं : आधी देवाला, मग तुम्हाला. बायका ते वाचून पीठ घेत. जाहिरातीला आम्ही कधी खर्च केला नाही.

म्हणून मला वाटत होतं, हा माणूस दुःखात आहे आणि दुःखात चुकतो आहे.

नैवेद्य झाला, मौन सुटलं, आणि मी पहिल्यांदा सुतळी सोडली. पिठाला बुरशीचा वास होता. उग्र नव्हे, बंद खोलीत ओलं फडकं राहावं तसा. मग घरचा डबा उघडला. तोच शिक्का, तेच दळण. घरचं पीठ शुभ्र होतं, त्याला वाळलेल्या धान्याचा गोड वास होता.

दोन्ही घेऊन मी मागच्या अंगानं कारखान्यात गेले. गोदामावर नथूअप्पा होते, मामंजींच्या वेळचे. डोक्याला उपरणं, कपाळाला भस्म.

"अप्पा, ही दोन्ही पिठं एकाच दळणाची ना?"

त्यांनी चिमूट चिमूट घेऊन पाहिली. "हो की, वहिनीसाहेब."

"मग वास वेगळा कसा?"

"वेगळाच येणार," ते अगदी सहज म्हणाले, वर थोड्या अभिमानानं. "तुमच्या घरचं देवाच्या पोत्यातलं आहे."

"देवाचं पोतं?"

त्यांनी मला कोपऱ्यात नेलं. लाकडी घडवंचीवर एक पोतं होतं, वर धुतलेलं धोतर पांघरलेलं. "मोठे शेटजी गेले तेव्हापासून मी ही सोय केलीय. माल आला की त्यातली उत्तम भगर स्वतः निवडतो, उन्हं दाखवतो, वेगळी दळतो. पौषात अवकाळी पाऊस झाला, पत्रा गळला, पोती भिजली. सुकवून दळली आपण. पण ह्याला थेंब लागू दिला नाही. देवाला भिजलेलं कसं द्यायचं, वहिनीसाहेब? पाप नाही का लागणार?"

त्यांच्या डोळ्यांत कौतुकाची अपेक्षा होती. इतकी वर्षं मी देवाला जे दाखवत होते, घरातले जे खात होते, ते गिऱ्हाइकाच्या घरी कधी गेलंच नव्हतं.

"चुकलं का माझं काही?" अप्पांनी विचारलं.

"ज्या पोत्यातलं लोक खातात, त्यातलंच देवाला द्यायचं होतं, अप्पा."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तसे ते घडवंचीवर टेकले.

कचेरीत भावजी आणि त्यांचा मुलगा हेमंत बसले होते. हेमंत पुण्याहून व्यवस्थापनाचं शिकून आला होता. वाईट मुलगा नव्हता. पाकिटं भरणाऱ्या बायकांना हातमोजे, बसायला पाट, सगळं त्यानंच आणलं. आम्ही तिघं कंपनीचे संचालक; मी यजमानांच्या जागी. मी सगळं सांगितलं.

"काकू, जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही," हेमंत म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "आलं ऐकू. पण भिजलेलं म्हणजे विषारीच असं नाही. मी नमुना नाशिकला पाठवतो. आठवड्यात अहवाल येईल."

"आठवड्यानं शिवरात्र होऊन गेलेली असेल."

"आणि अहवाल चांगला आला तर? आपण उगाच स्वतःच्या हातानं स्वतःला बुडवलेलं असेल." त्यानं खुर्ची माझ्याकडे ओढली. "काकू, संचालक म्हणजे विश्वस्त. कुणाचे? भागधारकांचे. मालती आत्या विधवा आहे, तिचं घर तिच्या हिश्शावर चालतं. तिला कोण सांगणार? त्या पस्तीस बायकांना कोण सांगणार, की उद्यापासून येऊ नका? एकदा नाव गेलं की उपासाच्या वस्तूचं नाव परत येत नाही. गिऱ्हाइकाबद्दल मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण आपल्याला नेमलंय मालकांनी."

"मालकांत मीही आहे ना रे?"

"आहात. म्हणून तुमचंच हित सांगतोय. आणि माल परत बोलावला पाहिजे असं कायद्यात कुठं लिहिलंय? दाखवा मला."

तेव्हा तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

"मग मत घ्यायचं का?" भावजींनी माझ्याकडे न बघता विचारलं. कुणी हात वर केला नाही. त्याची गरजही नव्हती. दोघं एका बाजूला होते.

बाहेर नाशिकचा ट्रक भरत होता. दुपारी निघायचा होता.

"ट्रक जाण्याआधी नैवेद्य व्हायचाय," मी म्हणाले. "जेवायला घरी या. दोघंही."

मी ट्रकजवळ गेले, हमालाला एक खोकं खाली घ्यायला सांगितलं आणि वरचं नव्हे, मधलं पाकीट काढलं. तोच वास. घरी येऊन चूल पेटवली. चाळीस वर्षं मी देवाला चांगल्यातलं चांगलं दिलं. कुबट वासाचं कधी दाखवलं नव्हतं. हे पाप तर नव्हे, असं मनात येत होतं. मग वाटलं, मामंजींनी देवाला जेवायला बोलावलंच नव्हतं. साक्षीला बोलावलं होतं.

भाकरी झाल्या. मी देवापुढे ताट ठेवलं, पाणी फिरवलं. मग तीच भाकर मोडून भावजींच्या आणि हेमंतच्या ताटात वाढली, शेंगदाण्याची आमटी वाढली. भावजींची बायको कुमुद दाराशी उभी होती.

"ताई, आज द्वादशी. भगरीची भाकर कशाला? सकाळीच तर उपास सोडला आपण."

"ट्रकमधल्या पिठाची आहे. आधी देवाला, मग आपल्याला, मग लोकांना. मामंजींचा क्रम."

हेमंतनं हात मागे घेतला. "काकू, हे बरोबर नाही. हा अडवणुकीचा प्रकार झाला."

"नको खाऊस. मी कुणाला शपथ घालत नाही."

भावजींनी ताट पुढं ओढलं. ते भित्रे नव्हते. त्यांनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि हात तोंडाकडे नेला.

"अहो, नको!" कुमुदनं झडप घालून त्यांचं मनगट धरलं. आमटी सदऱ्यावर सांडली. ती रडायला लागली. "सकाळी तो माणूस काय बोलला, मी ऐकलंय सगळं. तुम्हाला काही झालं म्हणजे?"

भावजींनी तुकडा ताटात ठेवला. हात धुवायला ते उठले ते बराच वेळ मोरीतच उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "हेमंत, ट्रक उतरवून घे."

"बाबा, ट्रक ठीक. पण जो माल गेला तो गेला. त्याचा गाजावाजा केला तर आपण संपलो."

भावजींनी भिंतीवरची टेम्पोची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. "वहिनी, दुकानं फिरा. पाकिटं परत घ्या. पण कारण सांगू नका. कंपनीचं नाव घेऊ नका. एवढं माझं ऐका."

"पाकिटावर नाव आहे, भावजी. ते न घेता काय सांगू?"

त्यांनी किल्ली परत घेतली नाही.

ते ताट मला गाईपुढेही ठेवता येईना. मी परसात खड्डा केला आणि देवाचा नैवेद्य मातीत पुरला.

मी दोधूला दवाखान्यातून बोलावलं. त्याच्या आईची थरथर उतरली होती. "तुम्ही येताय? स्वतः?" एवढंच त्यानं विचारलं, आणि गाडीत चढला. नथूअप्पाही मागे बसले. त्रयोदशीचा सगळा दिवस आम्ही दुकानांतून फिरलो. मी नाव घेतलं, कारणही सांगितलं. एका दुकानदारानं पाकिटं माझ्या अंगावर फेकली. दुसऱ्यानं चहा दिला आणि म्हणाला, "बाई, आत्तापर्यंत कुठलाच मालक असा आला नव्हता. पण पुढच्या खेपेला तुमचा माल ठेवणार नाही हां." दुकानातला माल हाती लागत होता. पण शिवरात्रीचं पीठ लोक आधीच घेऊन ठेवतात. अर्धं तर घराघरांत जाऊन पडलं होतं.

पुढं जे झालं ते सांगण्यासारखं थोडंच आहे. जिथं पोचलो तिथली माणसं वाचली. डोंगरापलीकडच्या एका पाड्यावर पोचलो नाही. तिथं एक म्हातारे गृहस्थ दगावले. हेमंत म्हणाला होता तसंच झालं, नाव गेलं आणि परत आलं नाही. वर्षाच्या आत कारखाना दुसऱ्यानं घेतला. मालतीवन्सं माझ्याकडे राहायला आल्या. भावजी शेवटपर्यंत माझ्याशी नीट बोलले. हेमंत बोलला नाही. त्याचं सगळंच चुकलं होतं, असं मी आजही म्हणणार नाही. त्या पस्तीस बायकांतल्या काहींना पुन्हा काम मिळालं नाही.

पुष्कळ वर्षांनी, सदोष माल परत बोलावण्याचे नियम करायची चर्चा चालली होती, तेव्हा ग्राहकांच्या बाजूनं काम करणाऱ्या लोकांनी मला मुंबईला एका समितीपुढे नेलं. समितीतली माणसं सभ्य होती. त्यांतल्या एकानं विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः मालक होता. इथं मालकांच्या बाजूनं आलात की गिऱ्हाइकांच्या?"

मी म्हटलं, "मला एवढंच सांगायचंय. माल परत घ्यायचा निरोप वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून भागवू देऊ नका. मालकानं निरोप घेऊन स्वतः दारात जावं, असं नियमात घाला."

"व्यवहारात ते शक्य नाही, बाई," ते गृहस्थ मऊपणे म्हणाले. "आणि निरोप पोचला की झालं. मालकच कशाला हवा?"

माझी वेळ संपली होती. नाहीतर मी त्यांना केवळबाईंचं सांगितलं असतं.

त्या शिवरात्रीची सकाळ होती. मी उठून तशीच टेम्पोत बसले होते. त्या दिवशी माझ्या हातून लिंग घडलं नाही, पूजा झाली नाही, आणि पहाटेपासून घरोघर मी बोलतच होते. एका गावाबाहेरच्या वस्तीत शेवटचं घर केवळबाईंचं. म्हातारी चुलीपुढे बसली होती. परातीत पीठ मळून तयार होतं, तवा तापला होता.

"या माय, बसा. उपासाची भाकर टाकते," त्या म्हणाल्या. आम्ही कोण हेही विचारलं नाही.

"आजी, हे पीठ खाऊ नका," दोधू म्हणाला. "खराब आहे."

"चल, काहीतरीच. त्रिदल आहे हे. सटाण्याची बाई आधी देवाला दाखवते, मग पाठवते. माझ्या लेकीनं वाचून दाखवलंय पाकिटावरचं. दुसरं कुणी आणलं तर मी शिवत नाही."

"ती बाई मीच आहे," मी म्हणाले.

"काय म्हणते ही?"

त्यांना कमी ऐकू येत होतं. आणि माझा आवाज तर मुळातच बारीक. मी जवळ गेले, आणि जन्मात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले, "ती बाई मीच! हे पीठ मी देवाला दाखवलेलं नाही!"

केवळबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग पिठानं भरलेल्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"मग लिहिलं कशाला?"

मी उभी राहिले. त्या एकेका बोटाचं पीठ खरवडून परातीत टाकत होत्या, सावकाश, काही वाया जाऊ नये अशा. मधेच त्यांचा हात थबकला आणि त्या गुडघ्यावर जोर देऊन उठल्या.

"माझी सिंधू! वढ्यापलीकडे दिलीय. मीच तिला पाकीट धाडलं. म्हटलं, हेच घे गं, दुसरं घेऊ नको."

"गावाचं नाव सांगा आजी, आम्ही आत्ता जातो."

"तू जाशील. जाऊन सांगशील." त्यांनी पदर खोचला. "पण तिनं तुझं का ऐकावं? पाकिटावरचं तुझंच ऐकलं होतं ना तिनं?"

त्यांनी चुलीतलं लाकूड ओढून विझवलं, दाराला कडी घातली आणि टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. मी मागे, परत आणलेल्या पाकिटांच्या ढिगावर बसले.

ओढा ओलांडला. कौलांतून धूर निघणारं एक घर दिसलं. टेम्पो थांबायच्या आत केवळबाई अर्ध्या बाहेर झुकल्या.

"सिंधू! ए सिंधू! तोंडात घालू नको गं माय!"

तरणी बाई दारात आली. कडेवर मूल, हातात वाफ निघणारी भाकर. "काय झालं आई? अजून कुणी खाल्लं नाही. देवाला दाखवायला घेतली होती."

केवळबाई खाली उतरल्या. लेकीच्या हातातली भाकर त्यांनी काढून घेतली, वळल्या, आणि टेम्पोच्या मागच्या फळीपाशी येऊन ती माझ्या हातावर ठेवली. भाकर तव्यावरून आत्ताच उतरलेली होती, चटका बसत होता.

"धर," त्या म्हणाल्या. "तुझी आहे."